२३ आणि २६ नोव्हेंबर: स्मृतिदिन कोणाचा?

(नागपुरात पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांपुढे झालेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी. तुमच्यातले बरेच जण दोन-तीन वर्षांत कुठल्या ना कुठल्या चॅनलवर नाहीतर पोर्टलवर काम करत असाल, म्हणून आज स्मृतिदिनांवर बोलतो, आणि त्यातही नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यावर, कारण आपल्या नागपूरकरांसाठी त्या आठवड्यात दोन तारखा येतात. २६ नोव्हेंबर सगळ्या देशाला पाठ आहे. २३ नोव्हेंबर, १९९४ च्या गोवारी मोर्चात माणसं मेली तो दिवस, विदर्भाबाहेर फारसा कोणाला माहीत नाही.

आधी २६/११ घेऊ. २००८ च्या मुंबईवरच्या त्या हल्ल्यात १६६ माणसं गेली. एका जागी सगळ्यात जास्त मेली ती सीएसटीवर, ५८. लांबच्या गाडीची वाट पाहत बॅगा-बोचकी घेऊन बसलेली साधी माणसं होती ती. आणि दरवर्षी २६ तारखेला टीव्ही लावला की काय दिसतं? ताजचा घुमट आणि त्यातून निघणारा धूर. सीएसटीवरचं सगळं त्याच रात्री संपलं, ताजसमोर मात्र तीन दिवस कॅमेरे उभे होते, त्यामुळे फुटेज ताजचं आहे आणि ज्याचं फुटेज त्याचाच स्मृतिदिन असं होऊन बसलंय. मेलेल्या माणसांमध्येसुद्धा आपण निवड करून राहिलो आहोत आणि ती फुटेज बघून करून राहिलो आहोत, हे मला फार लागतं.

त्या तीन दिवसांच्या लाइव्हबद्दल सुप्रीम कोर्टाने २९ ऑगस्ट २०१२ ला कसाबच्या निकालात स्पष्ट लिहून ठेवलंय. कमांडो कुठून शिरताहेत, कुठे उभे आहेत हे पडद्यावर दिसत होतं आणि तिकडे पाकिस्तानात बसलेले हँडलर ते बघून फोनवरून आत सूचना देत होते. चॅनल्सनी यात देशाचं कुठलंच हित साधलं नाही, स्वतःचा धंदा पाहिला, असा कोर्टाच्या म्हणण्याचा अर्थ आहे. मग २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत बदल झाला आणि अशा कारवाईच्या लाइव्ह कव्हरेजवर बंदी आली. म्हणजे हल्ला चालू असताना काय दाखवायचं याला नियम झाला, पण वर्षश्राद्धाला काय करायचं याला काहीच नाही, तिथे सगळं तुमच्या-माझ्या शरमेवर सोडलेलं आहे.

आता राजकारण. ताजमध्ये गोळीबार चालू होता, २८ नोव्हेंबर २००८, दुसऱ्या दिवशी दिल्लीत विधानसभेचं मतदान, आणि पेपरच्या पहिल्या पानावर भाजपची जाहिरात आली, काळ्या पानावर रक्ताचा डाग, सरकार दुबळं आहे, आम्हाला मत द्या. आतली माणसं अजून बाहेर यायची होती हो! आणि काँग्रेसवाल्यांनी तरी काय केलं, महिनाही झाला नव्हता तर त्यांचेच केंद्रीय मंत्री अंतुले त्या रात्री मारले गेलेले दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख करकरे यांच्या मृत्यूवर संशय घेऊन मोकळे झाले. हेमंत करकरे तर आपल्या नागपूरचे विद्यार्थी, व्हीआरसीईचे, म्हणजे आताच्या व्हीएनआयटीचे इंजिनिअर. त्या माणसाला मेल्यावरही सोडलं नाही. २०१९ च्या निवडणुकीत भाजपच्या प्रज्ञासिंह ठाकूर म्हणाल्या माझ्या शापाने मेले, २०२४ च्या निवडणुकीत काँग्रेसचे विजय वडेट्टीवार म्हणाले करकऱ्यांना लागली ती गोळी कसाबची नव्हतीच. दोन टोकांचे दोन पक्ष, पण प्रचारात गरज पडली की दोघांनाही करकरे आठवतात. तेवढ्यातच त्यांच्यासोबत गेलेले पोलीस अधिकारी कामटे, साळसकर, हातात नुसती काठी घेऊन कसाबला धरून ठेवणारे ओंबळे, यांचे फोटो बॅनरवर चढतात, आणि त्याच बॅनरवर नगरसेवकाचा फोटो त्यांच्यापेक्षा मोठा असतो.

एक सांगून ठेवतो, २६ नोव्हेंबर संविधान दिनही आहे. आपल्याकडे संविधान चौकात त्या दिवशी सकाळपासून माणसं येतात, उद्देशिका वाचतात. ती गर्दी कव्हर करायला सहसा एखादा स्ट्रिंगर, म्हणजे बातमीमागे पैसे मिळणारा वार्ताहर असतो, बस.

आता २३ नोव्हेंबर. १९९४, नागपुरात विधिमंडळाचं अधिवेशन चालू, गोवारी समाजाचा मोर्चा. मागणी एकच, अनुसूचित जमातींच्या यादीतले गोंड गोवारी ते आम्हीच, आम्हाला त्या जमातीचा दाखला द्या. मॉरिस कॉलेज टी पॉइंटला मोर्चा अडवला, दिवसभर माणसं बसून, संध्याकाळी लाठीमार आणि चेंगराचेंगरी. ११४ गेले, बहुतेक बाया आणि लेकरं. पुढे झिरो माइलजवळ स्मारक झालं, उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहीद नाव मिळालं. दाखल्याचं काय झालं? १४ ऑगस्ट २०१८ ला नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, १८ डिसेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टाने तो फिरवला. म्हणजे ज्यासाठी माणसं मेली तो प्रश्न जिथल्या तिथे, आणि हार मात्र दरवर्षी नवे.

मागे एकदा मी त्या स्मारकावर सकाळपासून होतो. गोंदिया-भंडाऱ्याकडून, गडचिरोलीकडून लोक रात्रीच निघालेले, सोबत शिदोरी, नारळ, झेंडूची फुलं, आयाबाया नावं घेऊन रडत होत्या. दुपारी साहेब आले तसे कार्यकर्त्यांनी पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांना उठवून मागे सरकवलं, फ्रेम मोकळी पाहिजे म्हणून. एक चॅनलचा पोरगा एका आजीला म्हणाला, आजी त्या दिवशी काय झालं सांगा. तिने सांगितलं. आवाज नाही आला, परत सांगा. तिने परत सांगितलं, परत रडली. मग म्हणाली, "बाबू, थे तं मी दरसाली सांगतो, पोराच्या दाखल्याचं काय झालं थे इचार ना त्या सायबाले." तोवर कॅमेरा साहेबांकडे वळला होता. संध्याकाळी बातमीत आजीचं रडणं आलं, तिचा प्रश्न आला नाही.

मुंबईतही तेच आहे. २६/११ च्या एका जखमी साक्षीदाराला घरासाठी हायकोर्टात जावं लागलं. आश्वासनं मिळतात नोव्हेंबरात, आणि जूनमध्ये त्या माणसाला फोन लावून घराचं काय झालं म्हणून कोणी विचारत नाही. त्यांचे नंबर सगळ्या न्यूजरूममध्ये सेव्ह आहेत, नोव्हेंबर लागला की बरोबर सापडतात.

मगाशी चिठ्ठी आली, सर मग स्मृतिदिन कव्हरच करायचा नाही का? करायचा, आणि नीट करायचा. रडायला लावणारे प्रश्न विचारायचे नाहीत, झालेलं पुन्हा घडवून दाखवायचं नाही, धुराचं फुटेज लूपवर टाकायचं नाही. आदल्या वर्षी त्याच माइकसमोर कोण काय बोललं होतं ते काढायचं आणि त्याच माणसाला त्याच जागी ऐकवायचं. टीआरपी मिळेल की नाही मला माहीत नाही, संपादक वैतागेल हे नक्की, तरी करा. या २३ ला झिरो माइलला जा, साहेब यायच्या आधी जा आणि गेल्यावरही थांबा. हार घालायला कोण कोण येतं त्यांची नावं लिहून घ्या. मग इथलं अधिवेशन लागलं की रोज बघा, त्यातल्या कोणी गोवारींचा प्रश्न सभागृहात मांडला आणि कोणी तोंड उघडलं नाही, आणि अधिवेशन संपेल त्या दिवशी ती बातमी नावांसकट द्या.