लाइन थांबवणारी दोरी

नमस्कार श्रोतेहो. डेट्रॉइट हे अमेरिकी मोटार उद्योगाचं माहेरघर. तिथल्या बड्या कंपन्या, विशेषतः जनरल मोटर्स, कशा घसरल्या ते आज सांगतो.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात फ्रेमॉन्ट नावाचं शहर आहे. तिथे जनरल मोटर्सचा मोटारींचा एक मोठा कारखाना होता. 1982 साली कंपनीने त्याला टाळं लावलं. तोवर त्याचं नाव पार धुळीला मिळालं होतं. पाचांतला एक कामगार कामावर फिरकायचा नाही. सोमवारी सकाळी लाइन, म्हणजे जिच्यावरून गाडी पुढे सरकते आणि एकेक भाग जोडला जातो ती, चालू करायला माणसं पुरायची नाहीत. पाळी चालू असताना आत दारू चालायची. रागावलेले कामगार दरवाजाच्या पत्र्याआड मुद्दाम रिकामी बाटली टाकून ठेवायचे, म्हणजे गाडी घेणारा खडखडाट शोधून शोधून थकावा.

ही माणसं अशी का वागत होती? त्या कारखान्यात एक नियम सगळ्यांच्या वरचा होता. काहीही होवो, लाइन थांबता कामा नये. बोल्ट राहिला, चुकीचा भाग बसला, तरी गाडी पुढे जाऊ द्यायची. आवारात अशा सदोष गाड्यांच्या रांगा लागायच्या आणि मग दुसरी माणसं त्या उघडून दुरुस्त करत बसायची. मी पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटी विभागात उमेदीची वर्षं काढली. महिनाअखेरीला 'आधी माल जाऊ दे, मग बघू' हे वाक्य मीही ऐकलं आहे. आपल्या हातून खराब जॉब, म्हणजे बनवलेला भाग, निघतो आहे हे दिसत असताना तो पुढे सरकवावा लागणं, हे माणसाला आतून पोखरतं. फ्रेमॉन्टच्या कामगाराचा राग मला म्हणूनच कळतो.

पुढे जे घडलं ते माझ्या मते अमेरिकी मोटार उद्योगाच्या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं पान आहे. 1984 साली जनरल मोटर्सने तोच कारखाना टोयोटाबरोबर भागीदारीत पुन्हा सुरू केला. न्यूमी हे त्याचं नाव. कारभार टोयोटाचा. युनियन जुनीच, आणि बहुतेक कामगारही तेच, ज्यांना नालायक ठरवून घरी पाठवलं होतं. टोयोटाने त्यांतल्या काहीशे जणांना जपानमधल्या ताकाओका कारखान्यात नेलं, तिथल्या कामगारांच्या शेजारी उभं करून काम शिकवलं.

तिथे लाइनवर डोक्याच्या वर एक दोरी लोंबत होती. काही अडलं, चुकलं, की कामगाराने ती ओढायची. एक सूर वाजायचा आणि गटप्रमुख धावत यायचा. तो काय मदत हवी ते विचारायचा, कोणाची चूक हे नाही. ठरल्या वेळात अडचण सुटली नाही, तर अख्खी लाइन थांबायची. ज्या माणसांनी आयुष्यभर लाइन थांबवणं म्हणजे नोकरी गमावणं असं ऐकलं होतं, त्यांच्या हातात ही दोरी आली. फ्रेमॉन्टला परतल्यावर वर्षा-दोन वर्षांत त्याच हातांनी बनवलेल्या गाड्या जपानी गाड्यांच्या तोडीला आल्या. गैरहजेरी अगदी किरकोळ उरली. 1988 मध्ये मागणी घसरली, लाइनला पुरेसं काम नव्हतं, तरीही एकालाही कमी केलं नाही. मोकळ्या वेळात त्यांना प्रशिक्षण दिलं.

म्हणजे रोगाचं औषध जनरल मोटर्सच्या स्वतःच्या घरात होतं, सिद्ध झालेलं होतं, आणि तेही टोयोटाने काही न लपवता दाखवलेलं. मग कंपनीने काय केलं?

त्याच काळात अध्यक्ष रॉजर स्मिथ यांनी अब्जावधी डॉलर यंत्रमानवांवर ओतले. डेट्रॉइटजवळ हॅमट्रॅमक इथे नवा कारखाना उभारण्यासाठी पोलटाउन नावाची नांदती वस्ती उठवली. तिथले रंगकाम करणारे यंत्रमानव गाडी सोडून एकमेकांवरच रंग फवारायला लागले. इकडे फ्रेमॉन्टमध्ये बरीचशी साधी यंत्रं आणि तीच जुनी माणसं उत्तम गाडी काढत होती. तिथे तयार झालेले व्यवस्थापक कंपनीने इकडेतिकडे विखरून टाकले. एकाला तर वरिष्ठाने न्यूमीचा इंचन् इंच फोटोत टिपून आणायला सांगितलं होतं, तसाच कारखाना दुसरीकडे उभा करता यावा म्हणून. कामगार आणि गटप्रमुख यांच्यातला विश्वास कुठल्या फोटोत येणार?

बाकीच्या चुका पुष्कळदा सांगितल्या जातात, मी भरभर सांगतो. लहान गाडीत नफाही लहान, म्हणून डेट्रॉइटच्या तिन्ही बड्या कंपन्यांनी, म्हणजे जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर यांनी, लहान गाड्या नाइलाजाने बनवल्या. 1973 ला तेल भडकलं, 1979 ला पुन्हा भडकलं, आणि गिऱ्हाईक जपानी गाडीकडे वळलं. 1981 मध्ये जपानी आयातीवर वर्षाला 16 लाख 80 हजार गाड्यांची मर्यादा आली. ती उसंत होती. डेट्रॉइटने त्या उसंतीत किमती वाढवून घेतल्या, आणि जपान्यांनी अधिक महागड्या गाड्या पाठवत अमेरिकेतच कारखाने उभे केले. होंडाचा ओहायोतला मेरिसव्हिलचा कारखाना 1982 पासून मोटारी बनवतो आहे.

हलक्या ट्रकांवर तर 1964 पासूनच 25 टक्के आयातशुल्क होतं, आणि इंधनबचतीचे नियमही ट्रकांना सैल होते. त्या कुंपणाच्या आत पिकअप आणि अवजड एसयूव्हींवर भरघोस नफा मिळत गेला. 2008 च्या उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं आणि पाठोपाठ आर्थिक संकट आलं, तेव्हा हाताशी दुसरं काहीच नव्हतं. 30 एप्रिल 2009 ला क्रायस्लर आणि 1 जून 2009 ला जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेल्या. फोर्ड वाचली, कारण तिचे मुख्य कार्यकारी अॅलन मुलाली यांच्या काळात, 2006 मध्येच, तिने निळ्या अंडाकृती बोधचिन्हासकट बहुतेक मालमत्ता गहाण टाकून सुमारे 23.6 अब्ज डॉलर उभे केले होते.

कामगारांचे पगार आणि निवृत्तांचे औषधपाणी यांनी कंपन्या बुडवल्या, असं अनेक जण म्हणतात. तो बोजा खरा होता. पण 1950 पासून त्या करारांवर व्यवस्थापनानेच सह्या केल्या होत्या. निवृत्तिवेतनाचं बिल आज येत नाही, पुढच्या अध्यक्षाच्या काळात येतं, म्हणून ती सही सोपी वाटत गेली.

दिवाळखोरीतून बाहेर आल्यावरही जुनी खोड सुटली नव्हती. 2014 मध्ये जनरल मोटर्सला जवळपास 26 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. किल्लीचं स्विच इतकं ढिलं होतं की चालत्या गाडीत ते बंद पडायचं आणि एअरबॅग उघडायच्याच नाहीत. 124 मृत्यूंसाठी भरपाई मंजूर झाली. चौकशीत निघालं की दोष कंपनीतल्या माणसांना दहा वर्षांहून अधिक काळ दिसत होता. अहवालात एका सवयीचं वर्णन आहे. बैठकीत ठराव मांडला की सगळे होकारार्थी मान हलवायचे, आणि बाहेर पडल्यावर कोणीच काही करायचं नाही. आपल्याकडे नंदीबैल मान डोलावतो, तसं. मला त्या 124 घरांची आठवण आली की ती दोरी डोळ्यांपुढे येते. त्या इतक्या मोठ्या कचेरीत ती कोणाच्याच हाताशी नव्हती.

न्यूमीतून जनरल मोटर्स 2009 मध्ये बाहेर पडली, टोयोटाने 1 एप्रिल 2010 ला तो बंद केला. पुढच्याच महिन्यात टेस्लाने तो 4 कोटी 20 लाख डॉलरला घेण्याचं ठरवलं. टेस्लाच्या गाड्या आजही तिथून निघतात.

आणि आता घराजवळची गोष्ट. तळेगावला 2008 साली जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला. आपल्या मावळातल्या पोरांनी तिथे शेवरलेची बीट गाडी बनवली आणि ती मेक्सिकोच्या रस्त्यांवर धावली. 2017 संपता संपता कंपनीने भारतातली विक्री बंद केली, आणि डिसेंबर 2020 मध्ये तळेगावचं उत्पादनही थांबलं. कामगार न्यायालयात गेले, उपोषणाला बसले. 2024 च्या सुरुवातीला कारखाना ह्युंदाईच्या ताब्यात आला. आम्हाला नव्या कंपनीत सामावून घ्या, एवढीच त्यांची मागणी होती.

फ्रेमॉन्टमध्ये टोयोटाने लाइन चालू करण्याआधी जुन्या कामगारांना परत बोलावलं होतं.