गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही

नमस्कार श्रोतेहो.

दोन-अडीच लाखांत जुनी गाडी घ्यायचं घरात ठरलं, की बाजारात हमखास दोन गाड्या समोर येतात. एक असते दहा-बारा वर्षांची वॅगन आर नाहीतर स्विफ्ट, बंपरला दोन ओरखडे असलेली. आणि तेवढ्याच पैशांत दुसरी, मोठी युरोपियन सेडान. लेदरच्या सीट, सनरूफ, दार लावलं तर आवाजसुद्धा भारदस्त. विकणारा हळूच म्हणतो, ‘साहेब, नवीन घेतली तेव्हा पंचवीस लाखांची होती.’ खरं तर इथेच सावध व्हायला हवं. आपण मात्र खूश होतो.

कारण गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. पंचवीस लाखांच्या गाडीचा गिअरबॉक्स हा पंचवीस लाखांच्या गाडीचाच गिअरबॉक्स राहतो, मग तुम्ही ती गाडी अडीच लाखांत घेतलेली असो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम निघालं तर खर्चाचा अंदाज गाडीच्या निम्म्या किमतीपर्यंत सहज जाऊ शकतो. एवढं करून पार्ट मिळेपर्यंत गाडी गॅरेजमध्ये उभी, आणि तुम्ही एसटीच्या रांगेत.

म्हणून ‘ही गाडी भरवशाची आहे का’ असं कुणी विचारलं, तर मी उलट विचारतो, ‘तुम्ही राहता कुठे?’ आल्टो, वॅगन आर, स्विफ्टची क्लच प्लेट तालुक्याच्या दुकानात मिळते आणि बसवणारा फिटर शेजारीच असतो. फियाटचं १.३ लिटरचं मल्टीजेट डिझेल इंजिन घ्या. पुण्याजवळ रांजणगावलाही बनायचं, आणि स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत बसायचं. त्यामुळे हे इंजिन उघडलेले हात गावोगाव सापडतात. भरवसा निम्मा गाडीत असतो आणि निम्मा तुमच्या गावच्या गॅरेजमध्ये.

अर्थात डिझेल आहे म्हणून स्वस्त, असं समजू नका. जुन्या डिझेलला टर्बो आणि इंजेक्टर असतात, आणि ते बिघडले की मोठं बिल येतं. रोजचं लांबचं जाणं-येणं नसेल, तर जुनी पेट्रोल गाडीच बरी.

आता थोडा हिशेब करू. वर्षाला आठ हजार किलोमीटर चालणं धरा आणि लिटरला पंधराचं मायलेज. साधारण ५३३ लिटर पेट्रोल लागतं. लिटरला १०५ रुपये धरले, तर झाले छप्पन्न हजार. हजार ते दीड हजार सीसीच्या गाडीला थर्ड पार्टी विम्याचा हप्ता ३,४१६ रुपये, वर कर. म्हणजे चारएक हजार. आणि पहिल्या वर्षी जी कामं निघतातच, ती म्हणजे टायर, बॅटरी, सर्व्हिसिंग, सस्पेन्शनचे बुश. त्याला तीस-पस्तीस हजार बाजूला ठेवाच. हे सगळं मिळून किलोमीटरमागे साडेअकरा रुपयांच्या आसपास पडतात. तीच गाडी वर्षाला चारच हजार किलोमीटर चालली, तर हा आकडा सोळाच्या पुढे जातो. लग्नकार्याला आणि सणाला गावी जाण्यापुरतीच गाडी हवी असेल, तर भाड्याची गाडी परवडते. शोरूममध्ये हे तुम्हाला कुणी सांगणार नाही.

इथे इथेनॉलचाही विचार करायला हवा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणजे निव्वळ पेट्रोलवर पंधरा देणारी गाडी चौदावर आली, तर फिटरशी भांडू नका. मात्र जुन्या गाडीच्या इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील या मिश्रणासाठी बनवलेले नसतात. बॉनेटपाशी पेट्रोलचा वास आला, तर त्या लगेच बघून घ्या.

गाडी बघायला जाताना मालकाला आधीच सांगा, की गाडी सुरू करून ठेवू नका. गेल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागला, तर थंड इंजिन सुरू करताना कसं वागतं हे तुम्हाला दिसू नये अशी कुणाची तरी इच्छा आहे. ऑइलचं झाकण उघडून आतून बघा. दुधाळ, सायीसारखा थर दिसला, तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, ऑइलमध्ये जात असण्याची शंका घ्यायची. इंजिन सुरू झाल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला, तर ऑइल जळतंय. मग सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत. पट्ट्याच्या आतल्या टोकाला मातीची रेघ दिसली, तर ती गाडी पुरात उभी होती. २०१९ साली सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ साली चिपळुणात गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. त्यातल्या काही धुऊन-पुसून बाजारात आल्या असतील, तर नवल नाही. पुराचं पाणी वायरिंगच्या जोडांत शिरतं आणि त्याचा त्रास वर्षभरानं सुरू होतो, कधी पॉवर विंडोला तर कधी थेट इंजिनच्या कंट्रोल युनिटला.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ लिहिलं असेल, तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षी कितीही खोल दिसली, तरी रबर जुनं ते जुनंच. मीटरवर चाळीस हजार दाखवतायत आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, तर विश्वास पेडलवर ठेवा.

आणखी एक गोष्ट फिटरला जरूर विचारा: थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप, जागेवर आहे का? इंजिन गरम होतंय म्हटलं, की आपल्याकडे बरेचदा थर्मोस्टॅट काढूनच टाकतात आणि कूलंटऐवजी बोअरचं पाणी भरतात. गाडी गरम व्हायची थांबते, गिऱ्हाईक खूश. पण इंजिन योग्य तापमानाला यायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं, आणि बोअरच्या क्षारांनी रेडिएटरच्या नळ्या भरत जातात. काही शे रुपयांची वस्तू वाचवून रेडिएटरचा खर्च ओढवून घेतात. तसंच टायमिंग बेल्टचं, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणाऱ्या पट्ट्याचं. जुनी सॅन्ट्रो किंवा ११०० सीसीची आय-टेन घेत असाल, तर बेल्ट कधी बदलला ते बिलावर बघा. पुरावा नसेल, तर घेतल्याबरोबर बदला. तो चालत्या गाडीत तुटला, तर व्हॉल्व्ह वाकून हेडचं काम निघू शकतं.

पंधरा वर्षांची गाडी स्वस्त का मिळते, हेही समजून घ्या. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे आरटीओत गाडी दाखवून पाच-पाच वर्षांसाठी पासिंग करून घ्यावं लागतं. त्यातल्या पहिल्या पासिंगचं शुल्क २०२२ च्या एप्रिलपासून ६०० वरून ५,००० रुपयांवर गेलंय, आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. चौदा वर्षांची गाडी ठरवताना हे पैसे किमतीतून वजा करूनच बोला.

गाडी नावावर करायला कागदपत्रांत फॉर्म २९ आणि ३० सह्या करून लागतात. गाडी कर्जावर घेतलेली असेल, तर आरसीवरचा बँकेचा बोजा उतरलाय का ते बघा, नाहीतर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी मागा. थकलेली चलनं परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून दिसतात. विम्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जुन्या मालकासोबत जातो, तो तुम्हाला मिळत नाही. त्यामुळे ‘पन्नास टक्के बोनस आहे’ या बोलण्यावर किंमत वाढवू नका.

आणि श्रोतेहो, तुम्ही गाडी विकणारे असाल, तर ‘नाव नंतर बदलून घेतो’ असं म्हणणाऱ्याच्या हाती किल्ली देऊ नका. गाडी तीन-चार जणांच्या हातून पुढे गेली आणि अपघात झाला, तरी आरटीओच्या दफ्तरात ज्याचं नाव आहे तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली सांगितलंय. भरपाईची नोटीस तुमच्या पत्त्यावर येईल. हस्तांतराची सूचना आरटीओला द्यायची विकणाऱ्याची मुदत, गाडी राज्यातच विकली असेल तर, चौदा दिवस आहे.

नमस्कार.