न तोडलेल्या झाडाची किंमत

धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका. पिंपळनेर मागे टाकून गुजरातच्या हद्दीकडे निघालं की बारीपाडा लागतो, शंभरेक घरांचा आदिवासी पाडा. आता स्क्रीनवर जो हिरवागार डोंगर दिसतोय ना, तो नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पार उघडाबोडका होता, उन्हाळा आला की बायकांची पाण्यासाठी वणवण आणि हाताला काम नाही म्हणून माणसं गाव सोडून जायची.

मग गावाने कुऱ्हाडबंदी केली. चराईबंदी केली. गावातलेच चैत्राम पवार, एम.कॉम. झालेले, नोकरीच्या मागे न जाता इथेच राहिले, लोकांना एकत्र बसवलं, नियम गावानेच ठरवले आणि मोडला तर दंड, मग तो घरातला का असेना.

हा बुंधा जरा जवळून बघा. झाड तोडलं तरी खाली मुळं जिवंत असतात, पहिला पाऊस पडला की कडेने असे कोवळे लालसर धुमारे फुटतात. ते शेळीने खाल्ले नाहीत आणि कुणी सरपणाला ओरबाडले नाहीत तर त्याचंच परत झाड होतं. सोबत उतारावर चर खणले, नाल्यांना बांध घातले, पाणी जिरायला लागलं, आणि असं करत करत ४०० हेक्टरच्या वर जंगल उभं राहिलं.

मला इथे एक मनापासून बोलायचंय. झाड लावतानाचा फोटो निघतो, न तोडलेल्या झाडाचा कसा काढणार? चूल पेटवायची घाई असताना समोरची फांदी सोडून पुढे जाणारी बाई, काठी घेऊन राखणीला फिरणारा म्हातारा, यांचं काम कुठल्या रजिस्टरमध्ये येतं? चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ऊर भरून आला, पण मधे तीसेक वर्षं गेली हो, आणि ती सगळ्या पाड्याने काढली.

गावाने मात्र दिल्लीची वाट बघितली नाही. २००४ पासून इथे वनभाज्यांची स्पर्धा भरते. बायका जंगलातून भाज्या आणतात, रांधतात आणि मांडून बसतात, शेजारी ती वनस्पतीही ठेवलेली असते. बांबूचे कोंब उकळून पाणी फेकायचं, नाहीतर कडू लागतात, तेऱ्याच्या, म्हणजे रानअळूच्या पानात चिंच हवीच, नाहीतर घसा खाजतो. कुठली भाजी कुठल्या महिन्यात, डोंगराच्या कुठल्या अंगाला, हे परीक्षक विचारतात आणि ती सांगत जाते, एकेका ताटलीवर बोट ठेवून, शहरातून आलेली माणसं वहीत लिहून घेत असतात, आणि मग माइकवरून तिचं नाव पुकारलं जातं.