बेल्जियन पिस्तूल आधी उलटं धरा

मंडळी, विषय बेल्जियन सिंगल-शॉट, म्हणजे एका वेळी एकच गोळी भरायचं टार्गेट पिस्तूल ओळखायचं कसं आणि त्याचं वय काढायचं कसं, हा आहे. यात निम्मे लोक चुकीच्या बाजूने बघतात, ही माझी जुनी तक्रार. वरची नक्षी बघतात, अक्रोडाची मूठ बघतात, नळीवर सोन्याने कोरलेलं दुकानाचं नाव वाचतात आणि लगेच साल सांगून मोकळे होतात.

आता एक किस्सा सांगतोच. एका विक्रेत्याने मला मखमली पेटीतलं पिस्तूल दाखवलं आणि म्हणाला साहेब, नेपोलियनच्या काळातलं, ड्युएलसाठीचं. अष्टकोनी नळी, ट्रिगर-गार्डला बोट टेकवायला शेपटी, पेटी तर अशी की लग्नात आहेर म्हणून द्यावी. मी म्हटलं जरा उलटं धरा. नळीखाली लंबगोल शिक्का, आत ई, त्याखाली एल-जी, त्याखाली तारा, आणि लंबगोलावर मुकुट. विक्रेता म्हणतो, हो हो, ई-एल-जी कंपनीचं आहे! अहो, ती कंपनी नाही, लिएज या बेल्जियन शहरातल्या सरकारी चाचणीगृहाचा शिक्का तो, तिथे नळी दारूचा दाब सोसते का ते तपासतात, बेल्जियममधली लाखो हत्यारं त्याखालून गेलीत. आणि तो मुकुट 1893 मध्ये आला. नेपोलियन वारला 1821 ला. म्हणजे बोनापार्टसाहेबांना हे पिस्तूल हवं असतं तर निदान 72 वर्षं थडग्यात थांबावं लागलं असतं! त्यात पिस्तूल रिमफायर काडतुसाचं, म्हणजे ज्याच्या बुडाच्या कडेवर घाव बसतो ते, आणि असं काडतूस फ्लोबेर नावाच्या बंदूककाराने पॅरिसमध्ये काढलं 1845 च्या सुमाराला. मी हे सगळं सांगितलं तर तो किंमत उतरवायचं सोडून पेटीचं झाकण बंद करायला लागला.

गंमत अशी की नेपोलियनचा संबंध आहेच, फक्त त्याने कल्पनेतही आणला नसेल असा. लिएज तेव्हा फ्रेंच साम्राज्यात होतं आणि डिसेंबर 1810 च्या त्याच्याच फर्मानाने बंदुकीच्या नळ्यांची चाचणी सक्तीची झाली. तो लंबगोल शिक्का त्या फर्मानानंतरचा. त्याआधी गावाचा शिक्का म्हणजे पेरोन, बाजारातला दगडी खांब, लिएजकरांच्या स्वातंत्र्याची खूण. बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स द बोल्ड याने 1467 मध्ये तो खांबच उचलून ब्रूजला नेला होता, दहा-अकरा वर्षांनी परत आला. पण ते राहू दे, नाहीतर इथेच संध्याकाळ होईल.

नाव का फसवतं? कारण लिएजमध्ये एकच कारखाना सगळं बनवायचा असं नव्हतं. वेद्र नदीच्या खोऱ्यात घराघरात नळ्या घडायच्या, कुणी लॉक, म्हणजे चाप-घोड्याची यंत्रणा बनवायचा, कुणी लाकूड, कुणी नक्षी, आणि व्यापारी ते जुळवून पॅरिस-लंडनच्या दुकानदाराला पाठवायचा, तो वर आपलं नाव कोरून घ्यायचा. वरचं नाव विकणाऱ्याचं, खालचा शिक्का जन्मगावाचा. फ्रान्कॉतसारख्या बंदुका बनवणाऱ्या मोठ्या घरांची स्वतःची खूण असते, मुकुटाखाली एएफ, तेवढी सापडली तर भाग्य समजा.

अरे, चिठ्ठी आली, दहा मिनिटं म्हणे. आता पळत सांगतो, कुणी लिहून घेत असेल तर घ्या.

पहिलं, लंबगोलावर मुकुट नाही तर साधारण 1893 च्या आधीचं, आहे तर नंतरचं. मग चाचणीगृहातल्या निरीक्षकाचं अक्षर बघा, शिक्क्याशेजारी एकटं असतं, त्यावर मुकुट असेल तर 1853 ते 1877, तारा असेल तर 1877 च्या पुढचं. हे दोन मुकुट वेगळे, गल्लत करू नका. दोन्ही एकत्र धरले की पट्टा आपोआप अरुंद होतो, म्हणजे लंबगोल बिनमुकुटाचा आणि अक्षरावर तारा असं असेल तर 1877 ते 1893 मधलं. मुकुटाखाली आर दिसला की खोबण्या पाडलेली नळी, आणि 1894 नंतरची. 1922 पासून वर्षाला एक अक्षर, ए म्हणजे 1922, पुढे क्रमाने.

यंत्रणेवरून वय काढू नका, त्यावरून फक्त जात कळते. खऱ्या फ्लोबेर पिस्तुलात वेगळा ब्रीच-ब्लॉक, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा ठोकळाच नाही, हॅमरच मागची बाजू दाबून धरतो, कारण मूळ काडतुसात दारू नसायची, टिकलीतलं स्फोटक तेवढं. म्हणून दिवाणखान्यात बसून टिपता यायचं. ब्लॉक वर उचलला जात असेल तर वार्नां या बंदूककार भावांचा वारसा, रोलिंग ब्लॉक, म्हणजे मागे फिरून उघडणारा ठोकळा असेल तर अमेरिकेच्या रेमिंग्टन कंपनीची नक्कल, मार्टिनी धाटणीचं, म्हणजे ठोकळा खाली झुकून उघडणारं असेल तर फ्रान्कॉतचं नाव शोधा.

ब्रासो लावून शिक्के घासू नका हो, हात जोडतो. आणि जुनं आहे म्हणून लायसन्स नको असं समजू नका, 1959 च्या आर्म्स ॲक्टमध्ये सूट आहे ती कालबाह्य, पुरातन किंवा नादुरुस्त हत्याराला, आणि तेही दुरुस्त करूनसुद्धा चालणार नसेल तरच. तुमचं चालत असेल तर आधी वकिलाकडे जा. चेंबर रिकामं आहे ना, हे तर सगळ्यात आधी. प्रश्न चहाच्या टेबलावर विचारा, इथे ते माईक काढून घेतायत.