गावपळण आणि भयनाट्य

श्रोतेहो, नमस्कार. रेडिओसाठी भयनाट्य लिहायला घेतलं की आपण आधी अमावस्या आणतो, मग घुबड, मग मांत्रिक. मालवण तालुक्यातल्या आचऱ्याच्या गावपळणीला यातलं काहीच लागत नाही.

आचऱ्यात साधारण दर चार वर्षांनी श्री देव रामेश्वराला कौल लावतात, म्हणजे देवाची संमती विचारतात. कौल मिळाला की ठरल्या दिवशी अख्खं गाव वेशीबाहेर जातं, तीन दिवस आणि तीन रात्री. बाळंतीण असो की अंथरुणाला खिळलेला म्हातारा, मागे कुणी राहायचं नाही. गुरं, कुत्री, कोंबड्यासुद्धा न्यायच्या. शेजारच्या चिंदरातही ही रीत आहे, आणि वैभववाडीतल्या शिराळ्यात तर दरवर्षी पौषात गाव निघतं. शिवेपलीकडे झापांच्या राहुट्या उभ्या राहतात, शक्यतो पाण्याच्या आसपास. चौथ्या दिवशी पुन्हा कौल. देवाने होकार दिला तरच परतायचं.

का जायचं, याची उत्तरं माणसागणिक बदलतात. कुणी म्हणतं, त्या दिवसांत गावात भुताखेतांचा वावर असतो. कुणाच्या मते जुन्या साथींच्या काळातली ही सवय. नाटकात यातलं एकही उत्तर देऊ नका. कारण कळलं की भीती निम्मी होते.

लिहिणारे हमखास फसतात ते राहुट्यांपाशी. तिथे रडका, दबका सूर लावतात. प्रत्यक्षात तिथे भजनं रंगतात, फुगड्या होतात, पत्त्यांचे डाव पडतात, मुंबईचे चाकरमानी मुद्दाम रजा काढून येतात. हा आनंद खराच ठेवा. त्यात फक्त एक हिशेब चुकवा. घरातल्या पाच कोंबड्या पाटीखाली झाकून आणल्या, मोजल्या तर चारच. पाचवी आणायला परत जायचं नाही, हे पोरालाही ठाऊक आहे. पोर जातं.

आता गावाचा आवाज. रिकामं गाव म्हटलं की वाऱ्याची शीळ घालतात. ती काढून टाका. पहाटेच्या प्रवेशात लांबून समुद्राची गाज ठेवा, माडाच्या झावळ्यांची सळसळ ठेवा आणि बाकी काही नको. कोंबडा आरवत नाही, कुत्रं भुंकत नाही, रहाट कुरकुरत नाही. वीसेक सेकंद हे असंच चालू द्या. त्याहून लांबवलंत तर ऐकणाऱ्याला रेडिओ बिघडला असं वाटेल. मग एकदाच, एका घरामागे, कोंबडीची कुरकुर.

कौलाचा प्रसंग मात्र घाईने उरकू नका. कोकणात कौल लावण्याची एक सर्रास पद्धत अशी: देवाच्या पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एकही पडली नाही तर वाट बघायची. नाटकातल्या कुटुंबाकडे तीनच दिवसांचे तांदूळ असू द्या आणि चौथ्या दिवशी कळी डावी पाडा. इथे कुणी दुष्ट नाही, गुरव नाही की मानकरी नाही. सगळे भले आहेत आणि सगळे नियम पाळतात. मला विचाराल तर खरी धडकी यातच आहे.

गाऱ्हाण्यासाठी, म्हणजे देवापुढे सगळ्यांच्या वतीने घातलेल्या साकड्यासाठी, संस्कृत मंत्र रचायच्या भानगडीत पडू नका. गाऱ्हाणं मालवणीतच हवं, एका दमात म्हणता येईल एवढ्या तुकड्यांत. प्रत्येक तुकड्यानंतर ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला किमान पाच पुरुषी आवाज घ्या. माइकजवळ दोघांना ठेवा, बाकीच्यांना चार पावलं मागे. पाचही एकदम बोलले तर शाळेतली प्रार्थना वाटते, तेव्हा एकाचा ‘व्हय’ किंचित उशिरा येऊ द्या.