डॉग पार्कचं आधी फाटक बघा

मंडळी, शहरात डॉग पार्क, म्हणजे कुत्र्यांना पट्ट्याविना मोकळं खेळायची कुंपणाची बाग, करायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, आत खेळणी कोणती ठेवायची? पशुवैद्य म्हणून माझं सांगणं आहे, आधी फाटकाचं ठरवा.

फाटकं दोन हवीत, एकामागे एक, आणि मधे माणूस कुत्र्यासह निवांत उभा राहील एवढी जागा. बाहेरचं लागल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. पट्टा तिथंच सोडायचा. पट्ट्यात अडकलेल्या कुत्र्याला मागे सरता येत नाही, म्हणून ते घाबरून समोरच्याच्या अंगावर जातं. बरीचशी भांडणं इथंच सुरू होतात. फाटक कोपऱ्यातही नको. नवं कुत्रं आलं की बाकीची धावत येतात, त्याला बाजूला व्हायला वाट हवी. लहान चणीच्या कुत्र्यांना वेगळा भाग ठेवाच.

कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत १९७९ साली सुरू झालेला ओलोनी डॉग पार्क हा अमेरिकेतला पहिला मानला जातो. भुयारी रेल्वेसाठी घरं पाडून मोकळ्या झालेल्या जमिनीवरच्या बागेचा तो एक तुकडा. आपल्याकडे हैदराबादला कोंडापूरमध्ये २०१८ साली महापालिकेनं कचरा टाकायच्या जागेवर सव्वा एकराहून थोडा मोठा पार्क केला. त्याला कोटीभर रुपये लागले. लहान नगरपालिकेनं तो आकडा बघून हबकू नये. भक्कम कुंपण, सावलीची झाडं, पाणी आणि विष्ठेसाठी झाकणाचे डबे एवढ्यावर पार्क उत्तम चालतो.

जमिनीवर मात्र पैसा वाचवू नका. पाण्याचा निचरा झाला नाही तर डबकी साचतात, आणि लेप्टो या तापाच्या आजाराचे जंतू लघवीतून तिथं उतरतात. तो आजार माणसालाही होतो. कुत्र्यांच्या पार्व्हो आजाराचा विषाणू मातीत महिनोन्महिने तग धरतो. म्हणून लशींचे सगळे डोस पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांचं होईतो, पिल्लाला आत आणू नका, कितीही गोड हट्ट केला तरी! दारावर लशीचं कार्ड बघणारा माणूस हवा. नुसती पाटी लावून हे होत नाही.

आता भटक्या कुत्र्यांचं. पार्क करायचा म्हणून आसपासची कुत्री हाकलायची, याला माझा ठाम विरोध आहे. लस झालेली कुत्री हटवली की त्या मोकळ्या जागेत दुसरी येतात, बिनलशीची. परिसरातल्या किमान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पार्कात येणारं तुमचं लाडकं कुत्रं त्याच गल्लीतून चालत येणार आहे. म्हणून नगरपालिकेकडे माझी मागणी अशी, की जागा ठरली की कुंपणाच्या टेंडरआधी भोवतालच्या प्रभागात लसीकरण आणि नसबंदी सुरू करा. कुत्री ओळखून जवळ बोलावणारी माणसं प्रत्येक गल्लीत आहेत, रोज त्यांना खाऊ घालणारी. त्यांना सोबत घ्या, म्हणजे कुत्री पकडायची जाळी फार कमी वेळा लागेल.