गिझरचं पाणी गार कसं होतं, ते आधी बघा

(न्हाणीघरात उभं राहून, मागे भिंतीवर गिझर)

नमस्कार मंडळी! आज मी माझ्या मामाच्या न्हाणीघरात उभा आहे. दापोली तालुक्यातलं घर, चिऱ्याच्या भिंती, आणि हा वर टांगलाय तो 15 लिटरचा गिझर. गणपतीत या घरात आम्ही चौदा माणसं होतो. आरतीच्या आधी सगळ्यांच्या आंघोळी उरकायच्या, आणि पहिली बादली भरेपर्यंतच पाणी कोमट! मामी शेवटी मागीलदारी चूल पेटवून तपेलं चढवायची.

मामाने दोन वर्षांत दोनदा कॉइल बदलून घेतली होती. मामा काही टाकत नाही, त्यामुळे दोन्ही जुन्या कॉइल माळ्यावर सापडल्या. ही बघा, मल्टिमीटर लावतो. 26 ओहम. दोन किलोवॅटच्या कॉइलचं रीडिंग साधारण एवढंच यायला हवं. म्हणजे चांगली कॉइल काढून चांगली कॉइल बसवली, आणि मामाने दोनदा पैसे मोजले.

दोष सगळा मेकॅनिकचा नाही. आपण फोनवर काय सांगतो? "पाणी नीट गरम होत नाही हो." यावरून तो बिचारा काय ओळखणार? पाणी गार होतं कसं, ते सांगा. एकदम होतं, हळूहळू होतं, की मधेच गार मधेच गरम येतं? त्यातच अर्धं उत्तर असतं.

त्यासाठी मी करतो तो तांब्यांचा प्रयोग. गिझर लावा, दिवा विझेपर्यंत थांबा, मग बटण बंद. गार पाण्याचे नळ सगळे बंद. आता गरम पाण्याच्या नळाखाली एकेक तांब्या भरत जा आणि ओळीने मांडत जा. दहा-बारा तांबे पुरेत, नसतील तर पातेली घ्या. मग बाहेरून हात लावत ओळीने जायचं. जपून हं, पहिले तांबे चांगलेच कढत असतात, पोरांना लांब ठेवा.

गिझर ठीक असेल तर बरेच तांबे जवळपास सारखेच कढत लागतात आणि मग गाडी एकदम उतरते. हे का होतं ते दाखवतो.

(हातात काचेचा ग्लास)

हे कोकमाचं आगळ. याच्यावर चमच्याच्या पाठीवरून हळूच पाणी सोडतोय. बघा, आगळ जड, खाली बसलं. पाणी वर राहिलं. गिझरच्या टाकीतही असाच थर असतो. गार पाणी जड, ते खालून शिरतं आणि गरम पाण्याला वर ढकलतं. वरून गरम पाणी उचलायला आत एक लांब नळी असते. गार पाण्याची नळी मात्र तळाशीच संपते. गार पाणी वर येईपर्यंत नळाला कढतच येत राहतं.

आता मामाच्या गिझरचे तांबे. पहिला कढत. तिसरा जरा कमी. पाचवा कोमट. सातवा... याने चहाचा कपसुद्धा विसळवत नाही. हळूहळू उतरत गेलं. म्हणजे थर टिकत नाहीये, आत सरमिसळ होतेय. खाली वाकून बघितलं, तर गार पाण्याच्या टाकीकडून येणारा पाइप गरम पाण्याच्या लाल खुणेला जोडलेला, आणि नळाकडे जाणारा गार पाण्याच्या निळ्या खुणेला. उलटं! गार पाणी वरून पडतंय, गरम पाण्यातून खाली जातंय, आणि आपण तळातलं पाणी घेतोय. आता या ग्लासात वरून जोरात पाणी ओततो... झालं सरबत.

घर रंगवताना कुणीतरी गिझर उतरवला होता, परत लावताना पाइप फिरले. दोन नटांचं काम. आधी एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा विजेचा स्विच, पाडायचा, मग कॉक बंद करायचा, टाकी रिकामी करायची, आणि वायरिंगला स्वतः हात लावायचा नाही. इथे खाऱ्या हवेने टर्मिनल गंजलेले असतात, अर्थिंगचाही भरवसा नसतो. ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

बरं, पाणी एकदम गार होतंय पण फार लवकर होतंय, असं वाटत असेल तर आधी हिशोब करा. 15 लिटर 60 अंशांचं पाणी, त्यात 26 अंशांचं गार पाणी मिसळून 40 वर आणलं, तर मिळतं साधारण 36 लिटर. दोन बादल्या, त्याही जेमतेम. चौदा माणसांना तो कुठून पुरणार? दुसऱ्याने थांबायला हवं. किती? व्होल्टेज पूर्ण असेल तर दोन किलोवॅटला साधारण 18 मिनिटं. पण गणपतीत चाकरमानी येतात, घरोघरी पंपही चालू आणि गिझरही. व्होल्टेज 230 वरून 180 वर आलं, तर कॉइलची ताकद त्या प्रमाणात कमी होत नाही, व्होल्टेजच्या वर्गाच्या, म्हणजे स्क्वेअरच्या, प्रमाणात होते. दोन हजार वॅटची कॉइल जेमतेम सव्वाबाराशे वॅट देते, आणि 18 मिनिटांची 30 मिनिटं होतात. कॉइल बदलून यात काडीचा फरक पडत नाही.

तिसरा प्रकार सगळ्यात वैतागाचा: मधेच गरम, मधेच गार. हा वरच्या नव्या बाथरूममध्ये निघाला. तिथे गार-गरम पाणी एकत्र करणारा मिक्सर नळ आहे, त्याला हातात धरायचा शॉवर, शॉवरला चाप. माझी मामेबहीण नुसता चाप सोडून शॉवर थांबवते आणि निघून जाते, मिक्सरचा दांडा मधेच उघडा. गार पाण्याला पंपाचा जोर, गरम पाणी नुसतं उतारावर. मग गार पाणी मिक्सरमधून गरम लाइनीत घुसतं आणि खाली मामाच्या अंगावर येतं! ओळखायचं कसं? गिझर बंद करा, गिझरकडे जाणारा गार पाण्याचा कॉक बंद करा आणि गरम पाण्याचा नळ सोडा. थोडं पाणी येऊन थांबायला हवं. धार चालूच राहिली, तर कुठला तरी मिक्सर चोरटी वाट देतोय. एकेक बंद करत जा, सापडतो. कायमचा इलाज म्हणजे दोन्ही लाइनींना नॉन-रिटर्न वॉल्व्ह, म्हणजे पाण्याला उलटं जाऊ न देणारी झडप.

क्षारांचं थोडक्यात. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी सहसा मऊ, त्याने कॉइलवर थर फारसा बसत नाही. उलट ते किंचित आम्लधर्मी असल्याने टाकी खातं. म्हणून टाकीऐवजी स्वतः झिजणारा आतला मॅग्नेशियमचा रॉड अधूनमधून काढून बघायचा. किनाऱ्याजवळ मात्र एप्रिल-मेमध्ये विहीर मचूळ होते. तिथे गिझर तापताना आतून कडकड आवाज यायला लागला, तर थर जमला समजा.

सोलर हीटर वापरणाऱ्यांनो, तुमचं वेगळं. पहिलं कारण पाइप. अर्ध्या इंची पाइपात 40 फुटांना दोनेक लिटर पाणी राहतं, पाऊण इंचीत जवळजवळ चार. तेवढं गार पाणी आधी येणारच. दुसरं कारण माड. आपल्याकडे डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेला साधारण 50 अंशांवरच असतो. स्लॅबच्या वर 20 फूट गेलेल्या माडाची सावली बाराच्या उन्हातसुद्धा 17 फूट पडते, सकाळी त्याहून लांब. मे महिन्यात सोलर बसवताना ऊन डोक्यावर असतं, तेव्हा हा माड कुणाच्या लक्षात येत नाही. थंडीत अर्ध्या नळ्या सावलीत, आणि फोन जातो सोलरवाल्याला.

मामाचे पाइप काल फिरवले. आज पुन्हा तांबे मांडले. हात लावतो... दहावा अजून चटका देतोय. अकरावा, गार. मामी म्हणते, तांबे घासून जागेवर ठेव आणि मगच जा.